भाग १४ : टेबलावर गप्प बसणाऱ्यांसाठी



मागच्या भागानंतर घणसोलीहून एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. पहिली काही सेकंदं नुसताच पंख्याचा आवाज. मग ती म्हणते, "दादा, मी दोन रविवार डी अँड डी खेळायला गेले. गेम खूप आवडला. पण माझ्यावर वेळ आली की घसा कोरडा पडतो. बाकीचे आवाज काढून बोलतात, तेही इंग्लिशमध्ये. मला नाही जमत. तिसऱ्या रविवारी मी परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा नव्हती."

तर आजचा भाग तिच्यासाठी. कारण गेम न आवडल्यामुळे कुणी सोडला तर ठीक आहे. आवडत असून सोडला तर ते वाईट आहे.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी पटकन सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गेम 1974 साली अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी बनवलेला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो. पात्र काय करतं ते तुम्ही सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस, एवढंच.

आता ही आवाज काढण्याची भानगड कुठून आली? यूट्यूबवरून. 'क्रिटिकल रोल' हा शो 2015 पासून चालू आहे आणि त्यात खेळणारे लोक पेशाने व्हॉइस ॲक्टर आहेत. आवाज बदलणं हेच त्यांचं पोटापाण्याचं काम. बुमराहसारखा यॉर्कर पडत नाही म्हणून नेरूळच्या मैदानावर कुणी टेनिस बॉल खाली ठेवत नाही ना? मग इथे का?

आणि नियम तुझ्या बाजूने आहेत. 2014 च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये भूमिका करायच्या दोन पद्धती सरळ दिल्यात. एक, पात्राच्या तोंडून बोलायचं. दुसरी, पात्र काय करतं, काय म्हणतं याचं नुसतं वर्णन करायचं. "माझी चेटकीण पहारेकऱ्याला सांगते की आम्ही धान्याचे व्यापारी आहोत, आणि बोलताना त्याच्या नजरेला नजर देत नाही." झालं. हे पूर्ण खेळणं आहे, कमी प्रतीचं खेळणं नाही.

माझ्या मते तर ही आपल्याकडची जुनीच पद्धत आहे. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह माहितीये ना? ते ज्यांच्या नावाने आहे, त्या भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. त्यांच्या नाटकांत पात्रांना पाठ करायला आजच्यासारखी लेखी संवादांची संहिता नसायची. सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे न्यायचा, आणि पात्रं त्यानुसार हावभाव करत, ऐनवेळी सुचेल तेवढं बोलायची. गोष्टीचा भार सूत्रधारावर. आपला डंजन मास्टर दुसरं काय करतो? मराठी नाटकाची सुरुवातच जर अशी झाली असेल, तर घणसोलीच्या मुलीने दोन वाक्यं बोलून गप्प बसायला काय हरकत आहे?

आता फासा. काही टेबलांवर एक खोड असते. पात्र गोडबोलं असेल तर खेळणाऱ्यालाच सांगतात, "मग बोलून दाखव, पटव आम्हाला." अरे, दांडगा बार्बेरियन खेळणाऱ्याला आपण "आधी किचनमधला भरलेला सिलिंडर डोक्यावर घेऊन दाखव" म्हणतो का? तुझ्या पात्राचा करिष्मा 16 असेल तर त्याचे मिळतात 3, पर्सुएशन येत असेल तर पहिल्या लेव्हलला आणखी 2. काम 15 चं असेल तर फाशावर 10 किंवा जास्त पडलं की पहारेकरी पटला. तू स्वतः कशी बोलतेस याचा त्या गणितात संबंधच नाही. काय बोलायचं ते मात्र तूच ठरवायचं, आणि ते लाजऱ्या लोकांना चांगलं जमतं, कारण ते बाकीच्यांचं ऐकत असतात.

यावरून आमच्या सीवूड्सच्या टेबलावरची गोष्ट सांगतो. कोपरखैरण्याचा एक मुलगा, मराठी शाळेतून आलेला. तीन रविवार "हो", "चालेल" आणि फाशावरचा आकडा, यापलीकडे शब्द नाही. पण गणिताच्या चौकटीच्या वहीत तो पूर्ण डंजनचा नकाशा काढत होता. एक चौकोन म्हणजे पाच फूट, असं मोजून. चौथ्या रविवारी सगळे दारावरून भांडत होते, अर्धा तास. त्याने वही हळूच पुढे सरकवली आणि दोन खोल्यांच्या मधल्या जागेवर पेन्सिल ठेवली. तीन चौकोन रिकामे. पंधरा फूट जाडीची भिंत कोण बांधतं? आत खोली होती. मी ती लपवली होती आणि एकही हिंट दिली नव्हती. टेबलावर जो आरडाओरडा झाला, तो खालच्या मजल्यावरच्या काकूंनी येऊन थांबवला.

नकाशा काढणं म्हणजे गप्प माणसाला कामाला लावण्याची युक्ती नाही हं. डी अँड डीच्या सुरुवातीच्या काळात नकाशा काढणारा हा नेमलेलाच खेळाडू असायचा. आणखी एक जण 'कॉलर' असायचा, तो सगळ्यांच्या वतीने डंजन मास्टरशी बोलायचा. म्हणजे प्रत्येकाने बोललंच पाहिजे ही अपेक्षा नंतरची आहे.

भाषेचं मात्र थेट बोलायला हवं. आपल्याकडे अर्धा लाजरेपणा हा लाजरेपणा नसतोच, तो इंग्लिशचा धाक असतो. पुस्तक इंग्लिश, म्हणून टेबल इंग्लिश. कशाला? 'आर्मर क्लास', 'हिट पॉइंट' राहू देत तसेच, पण भूत मराठीत घाबरवू शकतं. कोपरखैरण्याचा तो मुलगा आमच्याकडे आता मराठीत बोलतो, आणि समोरच्या मल्याळी मित्राला समजतं. नाहीच समजलं तर विचारतो.

डंजन मास्टर ऐकत असतील तर त्यांच्यासाठी एकच. लढाईत लाजरा माणूस नीट खेळतो हे बघितलंय ना? कारण तिथे इनिशिएटिव्ह असतं, पाळी आपोआप येते, कुणाचं बोलणं तोडून घुसावं लागत नाही. मग गावात, बाजारातही पाळीने विचारा. पण "तू काय करतेस?" असा मोठा प्रश्न अंगावर टाकू नका. "व्यापारी खोटं बोलतोय असं तुझ्या चेटकिणीला वाटतंय. ती कुणाला सांगेल की स्वतः तपासेल?" असं विचारा. आणि मग थांबा. मनात दहा आकडे मोजा. तेवढ्यात दुसरा कुणी बोलायला लागला तर हात वर करून त्याला थांबवा. सहाऐवजी चार खेळाडू बसवा, आणि मॉलच्या फूड कोर्टात टेबल लावू नका, तिथे माझाही आवाज पोचत नाही.

ॲव्हरी आल्डर यांचा 'द क्वायट इयर' मिळाला तर एकदा जरूर खेळा. त्यात सगळे मिळून एका वस्तीचा नकाशा काढतात, आणि चर्चा झाली तर प्रत्येकाला एकदाच, एक-दोन वाक्यंच बोलता येतात. आमच्यातल्या बडबड्यांना तो गेम फार जड गेला. मला मजा आली.

आता घणसोली, तुझ्याकडे वळतो. तुझ्या डंजन मास्टरला फोन करू नकोस, व्हॉट्सॲप कर. मी लिहून ठेवलंय, शब्द हवे तर बदल : "मला खेळायचंय. मी आवाज काढणार नाही, माझं पात्र काय करतं ते मराठीत सांगेन. थोडा वेळ लागला तर थांबाल का? आणि नकाशा मी काढू का?"

पाठव, आणि काय उत्तर येतं ते मला कळव. उत्तर "नाही" आलं तरी कळव. सीवूड्सला एक खुर्ची रिकामी आहे, चौकटीची वही आम्ही देऊ. चला, भेटू पुढच्या भागात.