पाटीतला एक पेरू आपला

बांधावरचे चांगले पेरू पाटीत भरून बाजारात जातात, उरलेले पोरं खातात. आपल्या वाट्याला कधीमधी एखादी फोड!

शंभर ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याहून कितीतरी जास्त. रोगाशी लढायला शरीराला ते लागतं. सर्दी होणारच नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागतं ते याच्यामुळे. लोह कमी पडलं की दम लागतो, डोकं जड होतं, हिशोबात लक्ष लागत नाही. म्हणून पेरू जेवणासोबत खायचा, चहा तासाभराने. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या.

आमच्या गटात आता पाटी भरण्याआधी घरातल्या बाईचा पेरू बाजूला काढतो. सासूबाईंचाही.