आपली पहिली ओळख



बंगळूरच्या मल्लेश्वरमसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला 'आपण कोण?' हा प्रश्न निरनिराळ्या भाषांतून वारंवार विचारला जातो, आणि तोही माणूस पाहून उत्तर देतो: कचेरीत हुद्दा सांगतो, शेजाऱ्याला मूळ गाव सांगतो, संपिगे रस्त्यावरच्या कानडी दुकानदाराला आपण मराठी असल्याचे सांगतो आणि मराठी मंडळींत, कधी थोडे संकोचून, आपण ख्रिस्ती असल्याचे सांगतो. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती, आणि येथले काडु मल्लेश्वराचे देवालय व्यंकोजीराजांनी बांधविले असे परंपरा सांगते; तेव्हा या मुलुखात उपरेपणा वाटतो अशी तक्रार मला मांडावयाची नाही. मला चिंता वाटते ती ही की, इतक्या उत्तरांच्या गर्दीत जे उत्तर निदान स्वतःच्या मनाशी तरी आपण सर्वांआधी द्यावयाचे, आपण देवाची लेकरे आहोत हे उत्तर, हळूहळू सर्वांच्या मागे जाऊन बसते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिसरा आणि चौथा हे अध्याय मध्ये न थांबता लागोपाठ वाचून पाहावेत. येशूने अद्याप एकही रोगी बरा केलेला नाही, डोंगरावरचे प्रवचन दिलेले नाही, एकही शिष्य जवळ केलेला नाही. अशा वेळी, यार्देन नदीतून तो वर येताच, पित्याची वाणी त्याला आपला प्रिय पुत्र म्हणून जाहीर करते. आणि लगेच अरण्यात परीक्षकाचा पहिला घाला पडतो तो याच नात्यावर: पुत्र असशील तर तसे करून दाखव. भाकर आणि चमत्कार ही केवळ निमित्ते होती; डळमळीत करावयाचा होता तो पुत्रत्वाचा विश्वास. पित्याने जे कोणत्याही कर्तबगारीपूर्वी दिले, ते आता कर्तबगारीने सिद्ध करावे, असा तो आग्रह होता. आपला प्रपंच आपल्याशी नेमके हेच बोलत असतो. परीक्षेतील गुण, पगार, बढती, मुलांची स्थळे, स्वतःचे घर, यांतली एकही गोष्ट निंद्य नाही. परंतु त्यांच्यावरून आपली किंमत ठरू लागली की माणूस मूळ ओळखीला पारखा होतो, आणि हे घडताना त्याला कळतही नाही.

त्या मूळ ओळखीकडे परतण्याचे अर्थपूर्ण उदाहरण मला कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या उत्तरायुष्यात दिसते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलेल्यांना ती कहाणी पुन्हा सांगावयास नको. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांना स्थैर्य लाभले, 'ज्ञानोदय' या नियतकालिकात त्यांनी लिहिले, आणि मराठी काव्यात त्यांचे नाव मोठे झाले. एवढ्यावर कोणीही संतुष्ट राहिला असता. परंतु १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडला, संन्यासवृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' स्थापिला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले, म्हणजे या प्रयोगाला दोन वर्षेही मिळाली नाहीत. तरीही त्यांच्या आयुष्यातले हेच पर्व मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यांनी जे खाली ठेवले ते व्यसन नव्हते, पाप नव्हते; ती सद्धर्माचीच चाकरी होती, आणि तीही देव व आपण यांच्यामध्ये उभी राहू शकते, हे त्यांनी ओळखले.

आपण मात्र विक्षेप म्हटला की बाजार आणि करमणूक यांकडेच बोट दाखवितो. शुभवर्तमानातली मार्था घरी आलेल्या प्रभूच्याच पाहुणचारात गुंतली होती आणि तरीही प्रभूपासून दूर होती, हे आपण विसरतो. मंडळीचे हिशेब, गायनाचा सराव, नाताळची तयारी यांत सबंध डिसेंबर संपतो, आणि ज्याच्यासाठी हे सारे, त्याच्याशी दोन शब्द बोलावयाचे राहून जाते.

याच मल्लेश्वरमात सेंट पीटर्स सेमिनरी आहे. तेथे धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या तरुणांना प्रार्थनेचा नेम घालून दिलेला असतो; तुम्हांआम्हां प्रापंचिकांना तो कोणी घालून देत नाही, म्हणून आपला आपणच घालून घेतला पाहिजे. सर्वांनी टिळकांप्रमाणे नोकरी सोडावी असे मी मुळीच सुचवीत नाही. माझी विनंती फार लहान आहे. उद्या सकाळी वर्तमानपत्र उघडण्यापूर्वी आणि कामाची घाई सुरू होण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रभूची प्रार्थना सावकाश, प्रत्येक वाक्याशी थांबत म्हणावी; आणि घरात लहान मुले असतील तर त्यांना ती मराठीतूनही शिकवावी.