शाळेचा संगणक : मदरबोर्ड कसा निवडावा?



निफाड तालुक्यातल्या एका शाळेच्या गुरुजींची ही हकीकत आहे. द्राक्षांचा हंगाम संपल्यावर गावाने वर्गणी काढली. त्या पैशांत सुटे भाग आणून शाळेतच संगणक जुळवायचा, असे ठरले. गुरुजींनी मला फोनवर विचारले, "सर, प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा मेळ कसा ओळखायचा?" मी म्हणालो, "खाचेचा आकडा जुळला की झाले!"

गुरुजींनी दोन्ही वस्तू जुन्या बाजारातून आणल्या. दोहोंवर ११५१ हाच आकडा. प्रोसेसर खाचेत नीट बसलाही. पण संगणक काही केल्या सुरू होईना. दुकानदार बोर्ड परत घेईना. वर्गणीचे पैसे माझ्या अर्धवट सल्ल्यापायी अडकले. आज बोलायला बसलो आहे तो त्यासाठीच.

झाले काय होते? ११५१ ही संपर्कबिंदूंची संख्या. इंटेल कंपनीने २०१५ साली ही खाच आणली. २०१७ साली आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, तेव्हा आकडा तोच राहिला, पण बिंदूंना वीज पुरवण्याची मांडणी बदलली. त्यांना ३०० मालिकेचा बोर्डच लागतो. गुरुजींचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आणि बोर्ड १०० मालिकेचा!

तेव्हा मंडळी, पहिली गोष्ट ही, की आधी प्रोसेसर ठरवा आणि मग बोर्ड. बैलाच्या मापाने जू करतात, जूच्या मापाने कोणी बैल आणीत नाही. बोर्ड बनवणारी कंपनी आपल्या संकेतस्थळावर, त्या बोर्डावर कोणते प्रोसेसर चालतात याची यादी देते. पैसे मोजण्याआधी ती पाहा. तिथे बायोसची आवृत्तीही दिलेली असते. बायोस म्हणजे बोर्डाला जागे करणारी आज्ञावली. एएमडी कंपनीच्या एएम४ खाचेच्या जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चढवायचा, तर पुष्कळदा ही आज्ञावली आधी नवी करून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट स्मृतीची, म्हणजे रॅमची. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. जोर लावाल तर खाच मोडेल. एएम४ ला डीडीआर४ लागते, तर २०२२ साली आलेल्या एएम५ ला डीडीआर५.

तिसरी गोष्ट आकाराची. एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ रुंद असतो. मायक्रो एटीएक्स दोन्ही बाजूंनी २४४ पर्यंत. शाळेला हा लहान बोर्ड पुरतो. मात्र पेटी त्याच्या मापाची आहे ना, हे पाहून घ्या.

चौथी गोष्ट पडद्याची. बोर्डाला पडद्याची तार जोडायची जागा असते, पण चित्र तयार करतो प्रोसेसर. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असेल, तर त्यात चित्राची सोय नसते. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते आणि खर्च वाढतो.

आता कोणी विचारील, महागडा बोर्ड घेतला तर संगणक अधिक वेगाने चालेल का? शाळेच्या कामात तो फरक कळणारसुद्धा नाही. मुलांनी लिहायचे, हिशेबाचे तक्ते करायचे, धडे पाहायचे. एवढ्याला साधा बोर्ड पुरे. वाचलेल्या पैशांत चांगला वीजपुरवठा संच घ्या आणि वर्गातले आर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे वीज जाते-येते, वळवाच्या पावसात कडाडते. हलका संच बोर्डासकट सारे जाळू शकतो.

गुरुजींच्या शाळेत आता ३०० मालिकेचा बोर्ड बसला आहे. त्याचे पैसे मी दिले. चूक माझी होती. जुना बोर्ड मुलांना दाखवायला टेबलावर ठेवला आहे. त्याच्या शेजारी गुरुजींनी खडूने लिहिले आहे, 'आकडा जुळला तरी यादी पाहावी.'