फराळाचे दिवस आणि वजनाचा काटा

सणासुदीत वजन किती वाढतं? वाटतं तेवढं नाही. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजनं नाताळ-नववर्षाच्या सुट्यांआधी आणि नंतर घेतली गेली. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वाढ निघाली जेमतेम ३७० ग्रॅम. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही ती उतरली नाही. खरी मेख तिथे आहे. दरवर्षीचं थोडंथोडं साठत जातं.

आपली चकली, शेव, करंजी, अनारसे सगळी तळणीतली. एक ग्रॅम तेला-तुपातून ९ कॅलरी मिळतात, साखरेतून ४. बेसनाच्या लाडवात दोन्ही मुबलक. म्हणून फराळ हाच नाश्ता समजा, वर पोहे-उपमा नको. पातळ पोहे भाजून चिवडा केला तर तेल फोडणीपुरतंच लागतं. आता 'घ्या हो, एकच' म्हणणाऱ्या काकूंपुढे कुणाचं काय चालणार! तिथे अर्धी करंजी घ्या आणि रात्री भाजी-भाकरीवर भागवा. भरपाई म्हणून उपाशी राहू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मुळीच नको. आणि भाऊबीज झाली की उरलेला फराळ वाटून टाका, तुळशीच्या लग्नापर्यंत डबे पुरवायचा हट्ट धरू नका.