आदिलाबादचा वारसा : जलाची वाट आणि जमिनीचा स्तंभ



यवतमाळकडून पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे याच जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात आले. त्यामुळे मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. येथे येणारे प्रवासी बहुधा कडेम नदीवरील कुंटाला धबधबा पाहतात. जैनथला परमार जगद्देवाच्या काळातील शिलालेख आढळला, हे अभ्यासक जाणतात.

परंतु या भूमीचा जिवंत वारसा अनुभवावा तो केस्लापूरच्या नागोबा यात्रेत. पौष अमावास्येपूर्वी मेसराम कुळातील गोंड अनवाणी चालत जाऊन जन्नारमनजीकचे गोदावरीचे जल आणतात व त्याने नागोबाला अभिषेक करतात. कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी ‘भेट’ घडविली जाते. त्यानंतरच त्यांना कुळपूजेत स्थान मिळते. कुळाचा इतिहास ग्रंथांतून नव्हे, तर किकरीच्या साथीने गाणाऱ्या परधानांच्या मुखातून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

केस्लापूरपासून जवळच इंद्रवेल्ली आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी तेथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी नोंदीत १३ मृत; लोकांच्या स्मरणात त्याहून पुष्कळ अधिक. त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्तंभ उभा आहे.

जल वाहणारे आणि जमिनीसाठी उभे राहिलेले, दोघेही एकाच समाजाचे. त्या स्तंभाकडे पाठ फिरवून घेतलेले नागोबाचे दर्शन म्हणूनच अपुरे होय.