घडवून घेतलेले यंत्र

१५३७ साली केंपेगौडाने मातीच्या कोटाआड बंगळूर वसविले. पुढे त्या कोटाच्या आत एकेका धंद्याची एकेक पेटे नांदू लागली. अक्किपेटेत तांदूळ, बळेपेटेत बांगड्या, अरळेपेटेत कापूस, कुंभारपेटेत मडकी. कन्नडातील ‘पेटे’ आणि मराठीतील ‘पेठ’ यांचे नाते मराठी श्रोत्यांना सांगावयास नको; १६३८ साली विजापूरकरांनी हे गाव घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले होते. त्याच जुन्या वस्तीत टाउन हॉलपासून जवळच सदर पत्रप्पा रस्ता आहे. सारे गाव त्याला एस. पी. रोड म्हणते. संगणकाच्या सुट्या भागांची ही बंगळूरची पेठ होय.

समजा, बेळगावहून बंगळुरात येऊन स्थिरावलेला एखादा तरुण या रस्त्यावर आला आहे. लग्नसमारंभांचे चित्रण करावे, त्याचे संकलन करावे आणि त्याच घरच्या निमंत्रणपत्रिकाही सजवून द्याव्यात, हा त्याचा व्यवसाय. जुना संगणक आता थकला आहे. तीन वर्षांच्या बचतीतून दीड लाख रुपये बाजूला पडले आहेत आणि दुसऱ्यांदा इतकी रक्कम लवकर उभी राहणार नाही. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, बजेट एष्टु?” हा प्रश्न रास्त आहे; परंतु तो दुसरा असावयास हवा. पहिला प्रश्न असा की, जुन्या यंत्रापुढे हा माणूस नेमका कोठे खोळंबून बसतो?

हा खोळंबा समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘फोर-के’ चित्रणात एका चित्रचौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर एका सेकंदाला सुमारे ६२ कोटी बाइट होतात. इतका ओघ साठविणे साध्या कॅमेऱ्याला परवडत नाही. म्हणून तो काही चौकटी पूर्ण ठेवतो आणि मधल्या चौकटींचा केवळ फरक नोंदवितो. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने नोंद करणारा कॅमेरा मूळ माहितीचा सुमारे पन्नासावा हिस्साच ठेवतो. जमाखर्चाच्या वहीत रोजची शिल्लक न मांडता फक्त देणेघेणे लिहावे आणि महिन्यातील मधल्याच एखाद्या दिवसाची शिल्लक कुणी विचारली म्हणजे मागे जाऊन सारी बेरीज पुन्हा करावी, तसा हा प्रकार आहे. संकलक चित्रपट्टीवर पुढेमागे धावू लागला की यंत्राला ही बेरीज क्षणोक्षणी करावी लागते.

ही बेरीज करण्यासाठी २०११ पासून इंटेलच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांत एक स्वतंत्र विभाग असतो. तो त्यांच्या अंगभूत ग्राफिक्सबरोबर येतो. ज्या प्रोसेसराच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात हे ग्राफिक्स बंद केलेले असते. तो थोडा स्वस्त मिळतो आणि खेळांसाठी संगणक घेणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. संकलकाची मात्र येथेच फसगत होण्याचा संभव असतो. ग्राफिक्स कार्डही हे काम करते, ही गोष्ट खरी. परंतु रंगांची माहिती अधिक राखणारे ‘४:२:२’ पद्धतीचे चित्रण उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांत २०२५ सालच्या मालिकेपासून आली. तेव्हा कॅमेऱ्याचे माहितीपत्रक खिशात असल्याशिवाय प्रोसेसर निवडू नये, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कामावरून यंत्र ठरविण्याची रीत बंगळूरला नवी नाही. १९८६ साली येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक बांधला गेला, तो इंटेलचे तयार प्रोसेसर एकत्र जोडून. हवेच्या आणि द्रवांच्या प्रवाहाचे गणित हे त्याचे काम होते, त्याचे नावच ते सांगते.

ग्राफिक्स कार्डाचे मोल संकलनाच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. रंगसंस्कारासाठी ‘डा विंची रिझॉल्व्ह’ वापरणाऱ्याने येथे हात सैल सोडावा. फोटोशॉपमध्ये दिवस घालविणाऱ्याला मध्यम कार्ड पुरते. रॅमबाबत २०२५च्या उत्तरार्धापासून पंचाईत झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून किमती भडकल्या. तरी ३२ गिगाबाइटच्या खाली उतरू नये; ती १६-१६च्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे माहितीला दोन वाटा मिळतात, आणि मदरबोर्डावर आणखी दोन जागा मोकळ्या असाव्यात. चालू कामासाठी वेगवान एसएसडी, जुन्या कामांच्या साठवणीस साधी हार्ड डिस्क. पेटीच्या काचेतून दिसणाऱ्या रंगीत दिव्यांवर पैसे घालविण्याचे काही कारण नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बंगळूरच्या हवेत चांगला पंखा पुरतो, पाण्याने थंड करण्याची यातायात बहुधा नकोच.

खरा अन्याय होतो तो मॉनिटरवर. सारे भाग घेऊन झाल्यावर जे उरते त्यात तो घेतला जातो. पत्रिकेवरचा कुंकवाचा लाल रंग पडद्यावर प्रकाशाचा असतो, छापखान्यात तो शाईचा होतो. दोहोंत थोडे अंतर राहणारच. परंतु पडदाच खोटा असेल, तर पाचशे पत्रिका विटकरी रंगाच्या निघतात आणि त्यांचा खर्च गिऱ्हाईक देत नाही. रंग तपासून दिलेला आयपीएस पडदा घेण्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला, तरी तो आणावा. खाली आणलेल्या प्रोसेसरावर उपायही आहे आणि तो फुकट आहे: चित्रणाची लहान प्रत करून तिच्यावर संकलन करावे आणि अखेरीस मूळ चित्रण जोडावे. पडद्याच्या खोट्या रंगावर असा उपाय नाही.

पॉवर सप्लाय नामांकित असावा, सोबत यूपीएस असावा. रात्री दोन वाजता चित्रफीत तयार होत असताना वीज गेली, तर ते काम पुन्हा पहिल्यापासून. आणि एक बाहेरची डिस्क हवीच, कारण लग्न पुन्हा लागत नाही. कर वाचविण्यासाठी बिलाशिवाय माल घेण्याचा मोह होतो. पण प्रत्येक भागाची हमी वेगवेगळ्या कंपनीची असते आणि त्या साऱ्या बिलावरच्या क्रमांकांना बांधलेल्या असतात.

भाग जोडून झाले, पडदा उजळला, की दुकानातील पोऱ्या हौसेने एखादी झगझगीत नमुन्याची फीत लावतो. बेळगावच्या तरुणाने तेव्हा ती थांबवून खिशातून स्वतःच्या कॅमेऱ्याचे कार्ड काढावे, मागच्या महिन्यातील एखादा लग्नविधी पडद्यावर आणावा, आणि अक्षता पडतात तो क्षण पाच-सात वेळा पुढेमागे करून पाहावा. पैसे मोजायचे ते त्यानंतर.