नाना शंकरशेट : आपला वारसा आणि आपले ऋण
(नानांच्या पुण्यतिथीनिमित्त ज्ञातिबांधवांच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी ३१ जुलै रोजी आपण नानांच्या तसबिरीला हार घालतो, चार शब्द बोलतो आणि घरोघर परततो. तसबीर पुन्हा वर्षभर भिंतीवर राहते. आज हार घातल्यावर आम्हांस असे वाटले की, या थोर पुरुषाचे नाव आपण ज्या अभिमानाने घेतो, त्या अभिमानाला आपण कितपत पात्र आहोत याचाही एकदा हिशेब व्हावा. हिशेब हा आपल्या पिढीजात धंद्याचाच भाग आहे. त्याचा कंटाळा आपणांस नसावा.

नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. जन्म १८०३ साली, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे. वडील शंकरशेट हे मुंबईचे मातबर व्यापारी. १८२२ साली ते निवर्तले आणि ऐन विशीच्या आतच पेढीचा सारा भार नानांच्या शिरावर आला. तो त्यांनी असा पेलला की, अरब व अफगाण व्यापारीदेखील आपली पुंजी बँकेपेक्षा नानांच्या स्वाधीन करणे अधिक निर्धास्त समजत. परमुलखातल्या, परधर्माच्या माणसाने आपली थैली ज्याच्या ओसरीवर ठेवावी आणि शांतपणे झोपी जावे, त्याची पत कागदावरची नव्हे. ती वागणुकीने कमावलेली असते.

येथे एका जुन्या दुःखाचा उल्लेख करणे आम्हांस प्राप्त आहे. १७७९ साली, पेशव्यांच्या आग्रहावरून, मुंबईच्या कंपनी सरकारने आपल्या ज्ञातीस 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरण्यास मनाई केली होती. साधा नमस्कार करण्याचीही मोकळीक नाही, अशी ती अवस्था! त्यानंतर अवघ्या चोवीस वर्षांनी नानांचा जन्म झाला. असा अपमान पदरी असलेल्या ज्ञातीतला धनवान तरुण पुढे काय करता? कदाचित कटुता जोपासता, कदाचित आपल्यापुरते कुंपण घालून स्वस्थ बसता. नानांनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी आपल्या घराचे दार साऱ्या शहरासाठी उघडले.

एलफिन्स्टनसाहेबांच्या काळात मुंबईत शिक्षणाचा जो उद्योग सुरू झाला, त्यात नाना पहिल्यापासून होते. १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, त्याचेही ते सभासद झाले. मुलींना शिकवणे हे पाप मानले जाण्याच्या त्या काळात त्यांनी कन्याशाळेसाठी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. लोकनिंदेचे भय त्यांना नव्हते असे नाही. परंतु त्या भयापेक्षा त्यांना मुलींचे अज्ञान अधिक भयंकर वाटले. सतीबंदीच्या कामीही ते सरकारच्या पाठीशी उभे राहिले होते.

याच बोर्डात पुढे शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजीचे कैवारी. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारे, गव्हर्नरांशी बरोबरीने बोलणारे. तरी त्यांनी कर्नल जर्व्हिस यांच्या बाजूने उभे राहून देशी भाषांचा पक्ष घेतला. त्यांचा इंग्रजीला विरोध नव्हता. विद्या बहुजनांपर्यंत न्यावयाची तर ती त्यांच्या मातृभाषेतूनच नेली पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. बंधूंनो, आज आपल्या घरांतील किती मुले मराठी वाचू शकतात? या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे मागत नाही. ते प्रत्येकाने आपल्या दिवाणखान्यात द्यावे.

नानांच्या इतर कार्याची नुसती यादी दिली तरी वेळ पुरणार नाही. आगगाडीची कल्पना अनेकांस वेडगळ वाटत असता १८४५ साली त्यांनी सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह तिच्यासाठी खटपट सुरू केली. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत, २१ मैल, पहिली गाडी धावली. ग्रँट रोडवरील नाटकगृहास त्यांनी जागा दिली. तेथेच १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी मुंबईकरांस मराठी नाटक दाखविले. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिच्या प्रवर्तकांत दादाभाई नवरोजी व डॉ. भाऊ दाजी यांच्यासमवेत नाना होते. मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसलेल्या पहिल्या हिंदी सभासदांतही त्यांची गणना होते.

परंतु सरकारदरबारी एवढा मान असलेल्या या पुरुषावरही १८५७ च्या उठावात संशय आला. चौकशी झाली; नाना निर्दोष ठरले. ज्या राजवटीने आपल्याकडे संशयाने पाहिले, तिच्यावर रुसून त्यांनी लोककार्य सोडले नाही. लोककार्य त्यांनी सरकारसाठी आरंभिलेच नव्हते. पुढे आठ वर्षांनी, १८६५ साली, ते दिवंगत झाले.

आज टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, गिरगावच्या रस्त्याला व नाना चौकाला त्यांचे नाव आहे. मुंबई सेंट्रल स्थानकास त्यांचे नाव द्यावे या प्रस्तावास २०२४ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने संमती दिली. हे सारे ऐकून आपली छाती फुगते, आणि ती फुगावीही. पण त्यांचे खरे स्मारक आम्हांस दुसरीकडे दिसते. मॅट्रिकला संस्कृतात प्रथम येणाऱ्या मुलास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. १९१२ साली ती मिळवणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. शिष्यवृत्तीने गुण पाहिले, जात विचारली नाही.

हीच गोष्ट आम्हांस आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. ज्ञातीने एकत्र यावे, अडल्या-नडल्या कुटुंबास हात द्यावा, वधूवरांची सोय पाहावी, हे सर्व योग्यच. पण नाना आपले आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा ते एकट्या आपलेच नव्हते हेही आपण मान्य केले पाहिजे. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, आपल्या शिक्षणनिधीतून दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती ज्ञातीबाहेरच्या गरजू मुलीस द्यावी. रक्कम लहान असो. तिच्यावर नाव नानांचे असावे.

हे घडले, तर पुढील ३१ जुलैला तसबिरीपुढे उभे राहताना आपली मान ताठ राहील. जमाखर्चाच्या वहीत नानांच्या नावे आजवर आपण केवळ जमाच घेत आलो. आता थोडे ऋण फेडू या. एवढे बोलून, त्या पुण्यश्लोक पुरुषास अभिवादन करून, आम्ही आपली रजा घेतो.